मिनी पीसी घ्यायचाय, नवा घेऊ का रिफर्बिश्ड? नाशिकमध्ये बसून कसं ठरवायचं

माझ्या मावसबहिणीचं सिडकोत पवननगरच्या बाजूला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जागा म्हणाल तर जेमतेम आठ फुटाचं काउंटर, त्यावर झेरॉक्स मशीन, प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र, आणि खाली पायाशी जुना मोठा सीपीयू ज्याला येताजाता पाय लागतो आणि ॲडमिशनच्या गर्दीत एकदा तर वायर निघून भरत आलेला फॉर्म गेला. आता तिला मशीन बदलायचंय, छोटं हवंय, मॉनिटरच्या मागे लागेल असं, आणि तिचा फोन आला की दादा, एक जण म्हणतो रिफर्बिश्डमध्ये, म्हणजे वापरलेलं नीट करून पुन्हा विकतात त्यात, आय७ प्रोसेसरवालं देतो, दुसरा म्हणतो त्याच पैशात पेटीपॅक नवा घे, मी काय करू? मी अंबडला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघतो, त्यामुळे हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नवा का जुना हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की आत प्रोसेसर कुठल्या जनरेशनचा, म्हणजे कितव्या पिढीचा आहे, आणि नंतर त्या डब्यावर अजून किती खर्च करावा लागणार आहे. ही दोन उत्तरं मिळाली की नवा का जुना ते जवळपास आपोआप ठरतं. ती न विचारता जे घेतात ते नवा घेऊनही फसतात, मी बघितलंय.

मिनी म्हणजे नेमकं कुठलं मशीन

आपण ज्याबद्दल बोलतोय ते मशीन साधारण १८ सेंटीमीटर लांब, तेवढंच रुंद आणि साडेतीन सेंटीमीटर जाड असतं, म्हणजे एखादं जाडजूड पुस्तक आडवं ठेवल्यासारखं. डेल त्याला २०२५ पर्यंत ऑप्टिप्लेक्स मायक्रो म्हणायचं, एचपी एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क मिनी म्हणतं, लेनोवो थिंकसेंटर टायनी म्हणतं. रिफर्बिश्डच्या बाजारात बहुतेक माल याच तिघांचा. हा माल येतो कुठून, तर बँका, आयटी कंपन्या, कॉल सेंटर ही मशीन शेकड्यांनी घेतात किंवा लीजवर घेतात, तीन-चार वर्षं झाली की सगळी एकदम बदलतात, आणि मग ती लॉटमध्ये बाजारात येतात. आमच्या कंपनीतूनही अशीच जातात. मी स्वतः ती वापरलेली आणि उघडलेली आहेत त्यामुळे सांगतो, एसीत टेबलावर दिवसभर एक्सेल आणि ईमेल चाललेलं मशीन चार वर्षांनी म्हातारं झालेलं नसतं. बॉडी पत्र्याची मजबूत असते, पार्ट मिळतात कारण एकच मॉडेल हजारोंनी विकलेलं असतं, उघडायचं कसं याचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट असतं.

दुसरीकडे नवे स्वस्त मिनी पीसी, तळहाताएवढा डबा, बाहेरून चकचकीत, आत बहुतेक वेळा इंटेलचा एन१०० किंवा त्याच्याच घरातला एन९५, एन९७, एन१५०. हे वाईट नाहीत, पण त्यांची कुवत काय ते समजून घ्यायला हवं, खाली सांगतो.

जनरेशन, आणि यात तडजोड करू नका

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते (एखाददुसरा अपवाद आहे, तो तुमच्या नशिबात नसतो), शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आता होतंय काय, की हजारो कंपन्यांनी याच कारणाने सहावी-सातवी जनरेशन काढून टाकली आणि ती सगळी रिफर्बिश्ड म्हणून बाजारात आली. म्हणून ती स्वस्त मिळतात. दुकानदार त्यात वाकडी वाट काढून विंडोज ११ टाकून देतो, चालतं पण, दिसतंही छान, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. ज्या दुकानात लोकांचे आधार, पॅन, बँकेचे पासबुक स्कॅन होतात तिथे मी असं मशीन ठेवणार नाही.

नंबर वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. आय५-८५००टी लिहिलंय तर पहिला आकडा ८, म्हणजे आठवी. आय५-६५००टी म्हणजे सहावी. आय५-१०५००टी असेल तर पहिले दोन आकडे, दहावी. शेवटचा टी म्हणजे कमी वीज खाणारा, ३५ वॉटचा प्रोसेसर, मिनी मशीनमध्ये बहुतेक हाच असतो. आणि बहिणीला जो आय७ दाखवत होते तो निघाला आय७-६७००टी. आय७ ऐकलं की माणूस भुलतो, पण तो सहाव्या जनरेशनचा, चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे हात). आय५-८५००टी सहा कोरचा आहे, नंतरचा आहे आणि विंडोज ११ च्या यादीत आहे. म्हणजे इथे आय५ हा आय७ पेक्षा सरस. आय३, आय५, आय७ हे आधी विचारूच नका, आधी पूर्ण नंबर विचारा, व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

मॉडेलवरूनही अंदाज येतो. डेलचं ३०५०, ७०५० म्हणजे सहावी-सातवी, ३०६० आणि ७०६० पासून आठवी. एचपीचं जी३ म्हणजे सहावी-सातवी, जी४ पासून आठवी. लेनोवोचं एम७१०क्यू, एम९१०क्यू सोडा, एम७२०क्यू, एम९२०क्यू बघा. इंटेलऐवजी एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो नंबर शोधा, यादी सगळ्यांना उघडी आहे.

लिनक्स वापरणार असाल तर मात्र सहावी-सातवी जनरेशन अजून मस्त चालते आणि खूप स्वस्तात पडते, घरी लेकराला अभ्यासाला, टायपिंगला, यूट्यूबला पुरे. पण फिंगरप्रिंटचं डिव्हाइस, डिजिटल सहीचं डोंगल, टॅली, श्रीलिपीसारखं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यातलं काही रोज लागत असेल तर विंडोजच घ्या, उगाच त्रास होईल.

नव्यात कुठे फसतं

एन१०० हा २०२३ च्या सुरुवातीला आला. चार कोर, ६ वॉटचा, वीज फारच कमी खातो, गरम कमी होतो. फॉर्म भरणे, ब्राउजर, बिलिंग, व्हिडिओ बघणे हे तो आरामात करतो, आणि यूट्यूबचा नवा एव्ही१ फॉरमॅट तो हार्डवेअरमध्ये चालवतो जे आठव्या जनरेशनला जमत नाही. पण रॅमला एकच चॅनल, म्हणजे डेटा यायजायचा एकच रस्ता, इंटेलच्या हिशोबाने जास्तीत जास्त १६ जीबी, आणि सगळ्या कोरवर एकदम काम पडलं तर आठव्या जनरेशनचा सहा कोरचा आय५ त्याला मागे टाकतो. म्हणजे सात वर्षं जुना डबा नव्या डब्याला हरवतो, हे लोकांना पटत नाही पण तसं आहे.

विकणारे एन१०० ला "ट्वेल्थ जनरेशन" म्हणून विकतात. तांत्रिकदृष्ट्या तो त्या घराण्यातला आहे खरा, पण त्यात फक्त छोटे कोर आहेत, बाराव्या जनरेशनच्या आय५ शी त्याची काही बरोबरी नाही. ट्वेल्थ जनरेशन ऐकून जास्त पैसे देऊ नका.

आणि दोन प्रकार नवे असले तरी अजिबात घेऊ नका. एक, सेलेरॉन एन४०२० वगैरे दोन कोरवाले, ते नव्यातच रडत असतात. दोन, ज्यात एसएसडीच्या (फाइली साठवायच्या वेगवान डिस्कच्या) जागी बोर्डावर चिकटवलेलं ६४ जीबीचं ईएमएमसी, म्हणजे साठवणुकीची साधी चिप असते. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे, म्हणजे पहिल्याच मोठ्या अपडेटला जागा नाही असा मेसेज. रॅमही काही नव्या डब्यांत बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, ते आधी विचारून घ्या.

नव्यात चांगलं काय मग? याच तीन मोठ्या कंपन्यांचं नवं मायक्रो मशीन, किंवा एनयूसी नावाचे मिनी पीसी (इंटेलने हा धंदा २०२३ मध्ये सोडला, आता असुस बनवतं), ज्यात बऱ्याचदा रॅम आणि एसएसडी आपण वेगळी घालायची असते, भाव बघताना हे विसरू नका. आणि फोटो-व्हिडिओचं काम असेल, लग्नाचे अल्बम करत असाल, आणि विंडोजचं एकही सॉफ्टवेअर लागत नसेल तर २०२४ चा एम४ मॅक मिनी बघा, १६ जीबी रॅमपासून सुरू होतो, भारतात ५९,९०० ला आला होता. त्या कामाला मी रिफर्बिश्ड सुचवणारच नाही.

खरा भाव काढायचा

रिफर्बिश्डचा भाव हा पाटीवरचा भाव नसतो. त्यात मी हे मिळवतो: नवी, चांगल्या कंपनीची एसएसडी. वायफाय कार्ड किंवा डोंगल, कारण ऑफिसच्या मशीनमध्ये बऱ्याचदा वायफाय नसतंच, तिथे नेटवर्कची वायर असते. डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय केबल, कारण एचपीच्या बऱ्याच मिनीला मागे फक्त डिस्प्लेपोर्ट असतात आणि घरी मॉनिटर एचडीएमआयचा निघतो. कीबोर्ड-माउस नसेल तर तोही.

आकडे समजा म्हणून घेऊ. मशीन १५,०००, एसएसडी ३,५००, वायफाय ७००, केबल ३००, झाले १९,५००. आता तेवढ्याच ताकदीचं नवं, तीन वर्षांच्या ऑनसाइट (म्हणजे माणूस जागेवर येऊन दुरुस्त करतो अशा) वॉरंटीचं मशीन समजा ३२,००० ला आहे. म्हणजे रिफर्बिश्ड नव्याच्या ६१ टक्क्यांत पडलं. माझा नियम असा की खरा भाव नव्याच्या दोन तृतीयांशाच्या आत असेल तर रिफर्बिश्ड, त्याच्या वर गेला की नवा, कारण मग वाचणाऱ्या पैशांपेक्षा वॉरंटीच जास्त मोलाची. आणि तुलना करताना एन१०० शी आठव्या जनरेशनच्या आय५ ची तुलना करताय हे लक्षात ठेवा, भाव सारखे दिसले तरी ताकद सारखी नाही.

रॅमचं वेगळं सांगतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर भडकले, एआयच्या डेटा सेंटरकडे सगळा माल वळला. त्यामुळे पूर्वी आम्ही म्हणायचो ८ जीबीवाला घ्या, नंतर स्वस्तात वाढवा, ते आता म्हणत नाही. रिफर्बिश्ड घेताना आतच १६ जीबी असलेला मागा, ८ च्या दोन पट्ट्या असल्या तर अजून चांगलं, कारण दोन चॅनल मिळतात.

विजेचं लोक फार बोलतात म्हणून हिशोब करून दाखवतो. रिकामं बसलेलं असताना जुनं मिनी आणि एन१०० यांच्यात फरक पाच-दहा वॉटचा. दहा धरा. दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस, झाले ३० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तरी वर्षाला ३६० रुपये. यासाठी निर्णय बदलू नका. चोवीस तास चालणारं असेल, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वगैरे, तर वर्षाला ८७ युनिटच्या आसपास, म्हणजे हजारभर रुपये, तिथे मात्र एन१०० चा विचार करा. आणि तुमचा पायाखालचा जुना मोठा सीपीयू बदलून यातलं कुठलंही घेतलं तरी वीज वाचणारच आहे.

जीएसटी नंबर असेल तर बिल कसं मिळणार ते आधी विचारा. नव्यावर १८ टक्के टॅक्स वेगळा दिसतो आणि त्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं. जुन्या मालावर काही दुकानदार फक्त आपल्या नफ्यावर टॅक्स भरतात, ते कायदेशीर आहे, पण मग तुम्हाला क्रेडिट मिळत नाही. हा फरक वरच्या हिशोबात धरा, सीएला एक फोन करा.

काउंटरवर अर्धा तास

हे सगळ्यात महत्त्वाचं. मी स्वतः एकदा न बघता घेतलंय. घरासाठी ऑनलाइन एक रिफर्बिश्ड मिनी मागवला होता, वर लिहिलेलं "नवी २५६ जीबी एसएसडी". नवी होती, पण कुठल्या कंपनीची त्याचं नावच नव्हतं. चौथ्या महिन्यात एका सकाळी मशीन चालू केलं तर डिस्कच दिसेना. त्यात आजोबांच्या जमिनीचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले होते, काकांकडून एकेक कागद गोळा करून, आणि त्यातले दोन मूळ कागद आता घरात सापडत नाहीत. वॉरंटीत त्यांनी एसएसडी बदलून दिली, तसलीच दुसरी. कागद गेले ते गेलेच. तेव्हापासून रिफर्बिश्ड मशीनबरोबर आलेल्या एसएसडीवर मी एक दिवसही काम ठेवत नाही.

म्हणून दुकानात जाताना बरोबर एक पेनड्राइव्ह घ्या ज्यात क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्क तपासायला) आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान बघायला) ही दोन फुकट सॉफ्टवेअर टाकलेली आहेत, मोबाइलचा टॉर्च, आणि तुमचं डिव्हाइस, म्हणजे फिंगरप्रिंट मशीन किंवा डोंगल जे रोज लागतं ते. सणाच्या दिवशी जाऊ नका. दसऱ्याला, पाडव्याला मशीन घ्यायची आपली पद्धत आहे, मला आवडते ती, पण त्या दिवशी दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो, तुम्हाला अर्धा तास तपासू देणार कोण. आधी साध्या मंगळवारी-बुधवारी जाऊन बघून ठेवा, पूजा पाडव्याला करा.

पहिलं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये जा. डेलला चालू करताना एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. आधीच्या कंपनीने टाकलेला पासवर्ड दुकानदाराला माहीत नसतो, "नंतर काढून देतो" म्हणेल, ऐकू नका. आत सिक्युरिटीमध्ये कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट नावाचं सेटिंग बघा, ते चोरीच्या मशीनचा माग काढायला असतं. ते ॲक्टिव्हेटेड असेल तर मशीन अजून कुणाच्या तरी नावावर आहे असं समजा आणि सोडा. सिरियल नंबर बायोसमधला आणि बाहेरच्या स्टिकरवरचा एकच आहे का बघा, डेलचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकला की मशीन कधी विकलं गेलं ते कळतं.

दुसरं, झाकण उघडायला सांगा. बहुतेक मिनीला मागे एकच स्क्रू असतो, तो फिरवला की झाकण पुढे सरकतं. नको म्हणणाऱ्या दुकानातून मी उठून येतो. बहिणीबरोबर गेलो तेव्हा पहिल्या दुकानात झाकण सरकवलं तर पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकरीसारखी धूळ बसलेली, टॉर्च मारला तर जाळीतून पलीकडचं काही दिसेना, आणि बाहेरून मात्र पुसून, पॉलिश मारून, नवं स्टिकर लावलेलं. म्हणजे रिफर्बिश्ड म्हणून विकत होते पण सर्व्हिसिंग झालेलंच नव्हतं. दुसऱ्या दुकानात आतून स्वच्छ, पंखा बोटाने ढकलला तर मोकळा फिरला, आणि पोराने स्वतःहून सांगितलं की थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंककडे नेणारा लेप) नवीन मारलीये, हीटसिंकचे स्क्रू बघा. बघितले, ताज्या पेस्टचा बारीक पांढरा कड प्रोसेसरच्या बाजूला दिसत होता. जुनी पेस्ट वाळून खडूसारखी होते, मग मशीन तापतं आणि आपोआप स्लो होतं. तिथेच वायफाय कार्ड आहे का, त्याला दोन बारीक वायरी जोडल्यात का तेही बघून घ्या, नुसतं कार्ड असतं आणि अँटेना नसते असं पुष्कळदा होतं.

तिसरं, विंडोज चालू करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचा नंबर आणि रॅमचे किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची हेल्थ आणि किती तास चाललीये ते बघा. तुम्ही ती बदलणार असलात तरी बघा, कारण "नवी टाकलीये" म्हणणाऱ्याची एसएसडी १४,००० तास चाललेली निघाली तर बाकीच्या शब्दांवर किती विश्वास ठेवायचा ते कळतं. सेटिंगमध्ये विंडोज ॲक्टिव्ह आहे का बघा. ब्रँडेड ऑफिस मशीनला बहुतेक वेळा मूळ लायसन्स बोर्डातच असतं, फॉरमॅट मारून तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटला जोडल्यावर स्वतः ॲक्टिव्ह होतं. ते होत नसेल आणि दुकानदार एखादी फाइल चालवून ॲक्टिव्ह करून देत असेल तर नको म्हणा, त्या फाइलबरोबर काय आत येतं कुणालाच सांगता येत नाही.

चौथं, वीस-पंचवीस मिनिटं ४के व्हिडिओ आणि दहा-बारा टॅब एकदम चालू ठेवा, चहा घ्या. एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान ८०-८५ अंशांच्या खाली राहिलं तर ठीक. शंभरच्या आसपास जात असेल किंवा पंखा किरकिरत असेल तर सोडा. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घालून बघा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, पुढची दोन पोर्ट सगळ्यात जास्त वापरलेली असतात. ४के मॉनिटर असेल तर लक्षात ठेवा, जुन्या मशीनचं एचडीएमआय बऱ्याचदा ४केला ३० हर्ट्झच देतं, माउस ओढल्यासारखा चालतो, डिस्प्लेपोर्टवर ६० मिळतं.

पाचवं अडॅप्टर, आणि इथे लोक अजिबात बघत नाहीत. मिनीला आत पॉवर सप्लाय नसतो, लॅपटॉपसारखा बाहेर अडॅप्टर असतो, साधारण ६५ वॉटचा. तो त्याच कंपनीचा हवा. डेलला तर अडॅप्टर ओळखता आला नाही की चालू होतानाच मेसेज येतो आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो, मग माणूस महिनाभर मशीनला दोष देत बसतो. अडॅप्टरवर बीआयएसचं (सरकारी दर्जाचं) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नंबर बघा. नव्या नाव नसलेल्या डब्यांबरोबरही कधीकधी असा हलका अडॅप्टर येतो की ज्यावर काहीच छापलेलं नसतं.

शेवटी बिल. पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि वॉरंटी किती महिन्यांची आणि कशाकशाची ते लिहून. "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे सात दिवसांत बंद पडलं तर बघू, ती वॉरंटी नाही. रिफर्बिश्डला सहा महिने तरी मागा, एक वर्ष देणारेही असतात.

नाशकात का मुंबईत

कॅनडा कॉर्नर, एमजी रोड, थत्ते नगरच्या आसपास फिरलात तर दोन-चार दुकानं रिफर्बिश्ड ठेवणारी मिळतील. लोक म्हणतात सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, स्वस्त मिळतं. मिळतं कधीकधी, आणि व्हरायटी तर नक्कीच जास्त. पण एका मशीनसाठी मी जाणार नाही. बिघडलं तर पुन्हा एक दिवस आणि तिकीट, दुकान बंद ठेवून. हजार-पंधराशेचा फरक असेल तर तो नाशिकच्या दुकानदाराला द्या, त्याच्याकडे स्कूटरवर जाता येतं. पाच-सहा मशीन एकदम लागणार असतील, क्लास किंवा टायपिंग इन्स्टिट्यूटसाठी, तर गोष्ट वेगळी, तेव्हा एकाच मॉडेलची सगळी घ्या म्हणजे एक बिघडलं तर त्याचे पार्ट बाकीच्यांना चालतात.

मग कुणी काय घ्यावं

दुकान, ऑफिस, टॅली, फॉर्म, बिलिंग, आणि जवळ कुणीतरी थोडं जाणकार आहे जो झाकण उघडू शकतो: आठवी जनरेशन किंवा पुढचं रिफर्बिश्ड, १६ जीबी, स्वतःची नवी एसएसडी. माझ्या मते बहुतेकांचं उत्तर हेच.

घरी कुणीच जाणकार नाही, आईवडील दोघंच असतात, किंवा मशीन एक तास बंद राहिलं तरी धंदा थांबतो: नवं, मोठ्या कंपनीचं, ऑनसाइट वॉरंटीचं. पैसे जास्त जातात, जाऊ द्या.

अकरावी-बारावीत जाणारं लेकरू, पुढे इंजिनिअरिंगपर्यंत हेच वापरायचं असेल तर सात-आठ वर्षं टिकवायचंय, तिथे आधीच सात वर्षं जुनं असलेलं मशीन नको, दहाव्या जनरेशनच्या पुढचं रिफर्बिश्ड किंवा नवं. गेमिंगला मिनी नकोच, ग्राफिक्स कार्ड बसत नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात

नवी एसएसडी घालून विंडोज स्वतः मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेऊन कोरी टाका. बायोस अपडेट करा. आतला नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, बदला, थोड्याच रुपयांचा असतो, तो गेला की दर सकाळी तारीख चुकते आणि सरकारी साइट उघडत नाहीत, लोक इंटरनेटला दोष देतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज झपकन जाते-येते, म्हणून छोटा ६०० व्हीएचा यूपीएस लावा, मिनी आणि मॉनिटर मिळून इतकी कमी वीज खातात की तो मोठ्या सीपीयूपेक्षा बराच जास्त वेळ खेचतो. मशीन झेरॉक्सच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवू नका, कागदाच्या गठ्ठ्याखाली तर नाहीच, एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात आधीच भट्टी झालेली असते. दर सहा महिन्यांनी ब्लोअर मारा.

बहिणीने शेवटी दुसऱ्या दुकानातलं घेतलं, लेनोवोचं, आय५-८५००टी, १६ जीबी, आणि ५०० जीबीची एसएसडी वेगळी पेटीपॅक घेऊन मी बसवली. मॉनिटरच्या मागे ब्रॅकेटवर लागलंय, काउंटरखाली आता तिची चप्पल आणि डबा राहतो. तिचं फिंगरप्रिंट डिव्हाइस पुढच्या पोर्टला चालेना, मागच्या पोर्टला लगेच चाललं, तेवढी एकच अडचण आली.

एक गोष्ट राहिली होती ती त्याच दिवशी केली. दुकानदार जुना सीपीयू एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार होता, देऊन टाक म्हणाली. मी आधी त्यातली हार्ड डिस्क काढून घेतली. सहा वर्षांत आलेल्या लोकांचे आधार, उत्पन्नाचे दाखले, मुलांचे फोटो, सगळं डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये पडलेलं होतं. लागतील तेवढ्या फाइली नव्या मशीनवर घेतल्या, बाकी पूर्ण पुसलं, आणि डिस्क तिच्या घरी कपाटात ठेवली. एक्स्चेंजचे चारशे रुपये कमी मिळाले.